स्कूटर गेली, भाग राहिले : महाराष्ट्र स्कूटर्सची हकीकत

रायपूरच्या शंकर नगरात रविवारी सकाळी आम्ही काही मराठी मंडळी एकत्र जमतो. कोणी रेल्वेत आहे, कोणी बँकेत, कोणी महालेखापालांच्या कचेरीत, तर कोणी सेवानिवृत्त होऊन येथेच स्थायिक झालेले. बदलीच्या गावी जे बोलणे व्हायचे तेच येथेही होते: गावाकडची पत्रे, मुलांची शिक्षणे, राज्याचे राजकारण, आणि शेवटी निवृत्तीनंतरची मिळकत. मध्यंतरी आमच्या एका स्नेह्यांनी वडिलांच्या पेटीत सापडलेला एक जाड कागद बैठकीत आणला. तो 'महाराष्ट्र स्कूटर्स लिमिटेड' या कंपनीचा भागदाखला होता. त्यांचा प्रश्न साधा होता. ही कंपनी आता स्कूटर बनवीत नाही, मग या कागदात उरले आहे तरी काय?

प्रश्न साधा खरा, परंतु उत्तर शोधू लागलो तसे आमच्या ध्यानात आले की, महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासातील एक विलक्षण प्रकरण या कागदामागे उभे आहे. कारखाना म्हणून जन्माला आलेली एक कंपनी हळूहळू केवळ दुसऱ्या कंपन्यांचे भाग सांभाळणारी तिजोरी कशी झाली, तिच्यातील महाराष्ट्र सरकारच्या महामंडळाचा मोठा वाटा कोणत्या मार्गाने हातचा गेला, आणि या साऱ्याचा आपल्यासारख्या दुसऱ्याची मालमत्ता सांभाळण्यातच आयुष्य घालविणाऱ्या नोकरदारांना काय बोध आहे, हे येथे मांडण्याचा आमचा हेतू आहे.

आरंभ आमच्याच जुन्या प्रांतापासून करावा लागेल. ज्या मध्यप्रांत व वऱ्हाडात रायपूर होते, त्याच प्रांतात वर्धाही होते. दोन्ही गावांचा कारभार नागपुरातून चाले, आणि मुंबईहून हावड्याकडे जाणारी आगगाडी वर्धा, नागपूर, रायपूर अशी एका माळेतली गावे गाठीत येई. १९५६ साली राज्यपुनर्रचनेत वर्धा मुंबई राज्यात गेले व रायपूर मध्यप्रदेशात राहिले; पुढे १ नोव्हेंबर २००० रोजी रायपूर छत्तीसगडची राजधानी झाले. त्या एकत्र प्रांताच्या दिवसांत वर्ध्याच्या बच्छराज शेठजींच्या घरी राजस्थानातील सीकरकडचा एक मुलगा नातू म्हणून दत्तक आला. तेच जमनालाल बजाज. त्यांचा जन्म १८८९ सालचा. १९२१ साली त्यांनी सरकारची रायबहादुरी परत केली, १९२८ साली वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांस खुले केले, आणि गांधीजींना वर्ध्याजवळच्या शेगावी, म्हणजेच पुढच्या सेवाग्रामी, आणून बसविण्यात त्यांचाच पुढाकार होता. धनवंताने आपल्या संपत्तीचा मालक नव्हे तर विश्वस्त होऊन राहावे, हा गांधीजींचा विचार प्रत्यक्ष आचरून पाहणारांत जमनालालजींचे नाव अग्रभागी घेतले जाते. १९४२ साली ते वारले. विश्वस्त हा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा. शेवटी त्याच्याकडे पुन्हा यावयाचे आहे.

जमनालालजींच्या पश्चात, १९४५ च्या नोव्हेंबरात, 'बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन' या नावाची कंपनी नोंदविली गेली. प्रारंभी तिचा धंदा परदेशी दुचाक्या व तिचाक्या आणून विकण्याचा होता. १९५९ साली तिला देशात ही वाहने बनविण्याचा परवाना मिळाला, १९६० साली ती सार्वजनिक कंपनी झाली आणि बजाज ऑटो हे नाव रूढ झाले. इटलीच्या पियाजिओ कंपनीशी केलेला करार १९७१ साली संपला व त्यानंतर आकुर्डीच्या कारखान्यातून 'चेतक' बाहेर पडू लागली. ज्यांनी त्या काळी नोकरीला प्रारंभ केला त्यांना स्कूटरची नोंदणी म्हणजे काय चीज होती हे सांगावयास नको. नाव नोंदवून ठेवायचे आणि दहादहा वर्षे वाट पाहायची. मुलीच्या जन्माच्या वेळी नोंदविलेली स्कूटर ती शाळेत जाऊ लागल्यावर दारात यायची. परकीय चलनात पैसे भरणारास ती आधी मिळे, म्हणून आखाती देशातल्या मेव्हण्याचा भाव घरात वाढलेला असे.

मागणी एवढी अफाट आणि उत्पादनास परवान्याची वेसण, अशा त्या काळात सरकारने संयुक्त क्षेत्राची कल्पना पुढे आणली. १९६९ साली दत्त समितीने औद्योगिक परवान्यांची चौकशी करून काही उद्योगगृहांकडे झालेल्या केंद्रीकरणावर बोट ठेवले, आणि सरकार व खाजगी उद्योजक यांनी भागीदारीत कारखाने काढावेत या विचारास बळ मिळाले. खाजगी मालकास नवा परवाना द्यावयाचा तर त्यात लोकांचा, म्हणजे सरकारचा, वाटा असावा, असा हा न्याय होता. महाराष्ट्रात पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ हे त्यासाठी योग्य साधन ठरले. मुंबई-पुण्याबाहेर उद्योग न्यावेत हे त्याचे एक कामच होते. १९७४ साली महामंडळ आणि बजाज ऑटो यांच्यात एक करार झाला, आणि ११ जून १९७५ रोजी महाराष्ट्र स्कूटर्स लिमिटेड या कंपनीची नोंदणी झाली. महामंडळाचा वाटा सत्तावीस टक्के, बजाज ऑटोचा चोवीस टक्के, आणि उरलेला एकूणपन्नास टक्के सर्वसामान्य भागधारकांचा. सरकारचा वाटा बजाजपेक्षा तीन टक्क्यांनी जास्त होता, हे मुद्दाम लक्षात घेतले पाहिजे. कारखाना चालविण्याचे ज्ञान बजाजचे, पण मोठा भागीदार महाराष्ट्राची जनता, अशी ती मांडणी होती.

कारखान्यास जागा मिळाली साताऱ्यास. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या त्या गावातून आता 'प्रिया' नावाची स्कूटर निघू लागली. चेतकची धाकटी बहीण म्हणावी अशी ती होती. महाराष्ट्रातल्याच नव्हे तर मध्यप्रदेशातल्या रस्त्यांवरही ती दिसे, आणि आमच्या शंकर नगरातल्या काही जुन्या मंडळींनी तिच्यावर पुढे मूल, मागे पत्नी आणि पायाशी भाजीची पिशवी असा संसार ओढला आहे.

त्या काळात इतर सरकारांनीही स्कूटरचे कारखाने काढले. केंद्र सरकारची लखनौची स्कूटर्स इंडिया कंपनी १९७२ सालची. तिचा शेवट असा की, २०२१ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने ती बंद करण्यास मान्यता दिली. साताऱ्याच्या कंपनीची गत तशी झाली नाही. तिचेही स्कूटरचे दिवस संपले हे खरे. १९८० नंतर जपानी भागीदारीच्या मोटारसायकली आल्या, १९९१ नंतर परवान्याचे राज्य सरले, नोंदणीच्या याद्या विरघळल्या, आणि गिअर बदलणाऱ्या स्कूटरकडे तरुण पिढी पाहीनाशी झाली. साताऱ्यात स्कूटरचे उत्पादन थांबले आणि पुढे बराच काळ तेथे वाहनांच्या सुट्या भागांसाठी लागणारे साचे व जिग-फिक्स्चर बनत राहिले. परंतु कारखान्याचा आवाज मंद होत असताना कंपनीच्या ताळेबंदाची दुसरी बाजू मात्र वाढत होती, आणि हकीकतीचे खरे मर्म तेथे आहे.

झाले होते ते असे. चांगल्या दिवसांत कंपनीच्या हाती जो नफा उरला, त्याचा काही भाग तिने बजाज उद्योगसमूहाच्याच कंपन्यांच्या भागांत घातला. बजाज ऑटोचे भाग तिच्यापाशी होते, आणि १९८७ साली निघालेल्या बजाज ऑटो फायनान्स या वाहनकर्ज देणाऱ्या कंपनीचेही होते. त्या वेळी ही गुंतवणूक म्हणजे दुकानदाराने गल्ल्यातला जास्तीचा पैसा भावाच्या दुकानात ठेवावा तशी होती. मुख्य धंदा स्कूटरचा. हे केवळ उरलेल्या पैशाचे स्थान.

पुढे २००७-०८ साली बजाज ऑटोचे विभाजन झाले. वाहने बनविण्याचा धंदा नव्या बजाज ऑटोकडे गेला, विमा व वित्त यांचा धंदा बजाज फिनसर्व्हकडे गेला, आणि मूळ कंपनी 'बजाज होल्डिंग्ज अँड इन्व्हेस्टमेंट' असे नाव घेऊन मुख्यतः या दोहोंचे भाग धरणारी धारक कंपनी झाली. जुन्या कंपनीचा एक भाग ज्याच्यापाशी होता, त्यास दोन्ही नव्या कंपन्यांचा एकेक भाग मिळाला, आणि मूळ भाग हाती राहिला तो राहिलाच. महाराष्ट्र स्कूटर्सपाशी जुन्या कंपनीचे ३३,८७,०३६ भाग होते. तिच्या तिजोरीत एका रात्रीत तीन कंपन्यांचे तितके तितके भाग येऊन बसले. २०१० साली नव्या बजाज ऑटोने एकास एक बक्षीसभाग दिले तेव्हा तेथील संख्या ६७,७४,०७२ झाली. बजाज फायनान्सचे भाग २०१६ साली विभागून व बक्षीस मिळून दसपट, म्हणजे १,८९,७४,६६० झाले. ज्या छोट्याशा कर्जकंपनीत एकदा उरलेला पैसा ठेवला होता, ती देशातल्या अग्रगण्य वित्तकंपन्यांत गणली जाऊ लागली. साताऱ्यातल्या यंत्रांनी जे कमावले नसते, ते कपाटातल्या कागदांनी कमावले.

महाराष्ट्र स्कूटर्सचे स्वतःचे भाग अवघे १,१४,२८,५६८. आता आमच्या लेखापाल वाचकांनी भागाकार करून पाहावा. २०१९ साली या कंपनीच्या दर एका भागामागे बजाज फायनान्सचे दीडाहून अधिक भाग उभे होते, बजाज ऑटोचा अर्ध्याहून अधिक भाग, आणि बजाज फिनसर्व्ह व बजाज होल्डिंग्ज यांचा प्रत्येकी सुमारे तीन दशांश. त्या कंपन्यांच्या तेव्हाच्या बाजारभावाने मोजदाद केली तर एका भागामागची ही ठेव दहा हजार रुपयांच्या आसपास जाते. बाजारात मात्र महाराष्ट्र स्कूटर्सचा भाव त्याहून पुष्कळच खाली होता, तरीही तो दोन हजारांच्या बराच वर होता.

मागची ठेव एवढी आणि भाव एवढा कमी, हे कोडे धारक कंपन्यांच्या बाबतीत जगभर दिसते. कारण उघड आहे. धारक कंपनी आपले भाग विकत नाही. ते विकण्यासाठी नसतातच, समूहावरील ताबा राखण्यासाठी असतात. भागधारकाच्या हाती येतो तो केवळ लाभांश. बागेत आंबा लगडलेला आहे, पण झाड तोडता येत नाही आणि आंबाही वाटेकऱ्याच्या हाती मोजूनच पडतो. अशा बागेचा भाव आंब्याच्या हिशोबाने कोणी देत नाही. काही वेळा ही तफावत हास्यास्पद थराला जाते. मुंबईतील एल्सिड इन्व्हेस्टमेंट्स या कंपनीपाशी एशियन पेंट्सचे मोठे भांडवल असताना तिचा भाग शेअरबाजारात ३ रुपये ५३ पैशांवर पडून होता. गुंतवणूक कंपन्यांच्या खऱ्या किमतीचा शोध लागावा म्हणून २९ ऑक्टोबर २०२४ रोजी खास लिलाव झाला, तेव्हा त्याच भागाचा भाव त्या दिवशी २,३६,२५० रुपयांवर बंद झाला. त्या तफावतीतले थोडेसुद्धा कर्तृत्व नवे नव्हते. जे होते ते आधीपासून होते, कोणी पाहिले नव्हते इतकेच.

दुसऱ्यांचे भाग धरण्यासाठीच निघालेल्या कंपन्या काही नव्या नाहीत. लंडनमध्ये १८६८ साली फॉरेन अँड कलोनियल ट्रस्ट निघाला तो मध्यम मिळकतीच्या गुंतवणूकदारास श्रीमंतासारखी विखुरलेली गुंतवणूक करता यावी म्हणून. आपल्याकडे टाटांनी १९३७ साली इन्व्हेस्टमेंट कॉर्पोरेशन ऑफ इंडिया काढली. तिचेच आजचे नाव टाटा इन्व्हेस्टमेंट कॉर्पोरेशन. परंतु कारखाना म्हणून निघून तिजोरी होणारी कंपनी निराळी. अमेरिकेतील बर्कशायर हॅथवे हे त्याचे जगप्रसिद्ध उदाहरण. ती मुळात कापडगिरणी. १९६५ साली वॉरन बफे यांनी तिचा ताबा घेतला, १९८५ साली गिरणी बंद पडली, नाव मात्र गिरणीचेच राहिले. महाराष्ट्र स्कूटर्सच्या नावातही स्कूटर अजून आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ज्या कंपनीची नव्वद टक्क्यांहून कमी नसलेली निव्वळ मालमत्ता आपल्याच समूहातील कंपन्यांत गुंतलेली असते, आणि त्यातही साठ टक्के तरी समभागांत, तिला गाभा गुंतवणूक कंपनी म्हणतात. साताऱ्याची कंपनी या वर्गात जाऊन बसली आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. १९७४ च्या करारात एक कलम असे होते की, दोन भागीदारांपैकी कोणास आपला वाटा विकावयाचा झाल्यास तो प्रथम दुसऱ्या भागीदारास देऊ करावा. संयुक्त संसारात भावाने आपला हिस्सा परक्यास विकण्याआधी भावास विचारावे, तसा हा साधा नियम. २००३ साली महामंडळाने आपला सत्तावीस टक्के वाटा बजाज ऑटोस देऊ केला. सरकारी महामंडळांचा पसारा आवरावा असे ते दिवस होते. किंमतीवर मात्र उभयतांचे जमेना, तेव्हा प्रकरण लवादाकडे गेले. लवाद होते निवृत्त न्यायमूर्ती अरविंद सावंत. १४ जानेवारी २००६ रोजी त्यांनी निवाडा दिला: दर भागास १५१ रुपये ६३ पैसे घेऊन महामंडळाने भाग द्यावेत.

महामंडळास हा निवाडा मान्य झाला नाही व ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. १५ फेब्रुवारी २०१० रोजी न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी निवाडा रद्द ठरविला. त्यांचे म्हणणे असे की, सार्वजनिक कंपनीचे भाग कायद्याने मुक्तपणे हस्तांतर होण्याजोगे असतात. त्यांच्या विक्रीवर असे बंधन कायद्यात बसत नाही. हा प्रश्न केवळ या एका खटल्याचा नव्हता. देशातल्या अनेक भागीदारीकरारांत अशी कलमे होती आणि वकिलांच्या कचेऱ्यांतून एकच खळबळ उडाली. परंतु त्याच वर्षी दुसऱ्या एका खटल्यात उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने उलट मत दिले: भाग मुक्त आहेत हे खरे, पण भागधारकाने स्वखुशीने आपल्या भागाविषयी करार केला तर तो त्याच्यावर बंधनकारक आहे. २०१३ च्या नव्या कंपनी कायद्यातही तसे स्पष्ट कलम आले. ८ मे २०१५ रोजी खंडपीठाने महाराष्ट्र स्कूटर्सच्या प्रकरणी लवादाचा निवाडा पुन्हा उभा केला, आणि ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महामंडळाचे म्हणणे फेटाळले. त्याच वर्षी जूनमध्ये सत्तावीस टक्के भाग बजाज होल्डिंग्जच्या नावे झाले. चोवीस आणि सत्तावीस मिळून एक्कावन्न झाले, आणि महाराष्ट्र स्कूटर्स ही बजाज होल्डिंग्जची दुय्यम कंपनी झाली. गंमत अशी की, त्या वेळी महाराष्ट्र स्कूटर्सपाशीही बजाज होल्डिंग्जचे सुमारे तीन टक्के भाग होते. आईच्या घरात लेकीचाही वाटा, असा हा प्रकार. दुय्यम कंपनी होण्याआधीच घेतलेले भाग ठेवण्यास कायदा मुभा देतो, मतदानाचा हक्क मात्र देत नाही.

हिशोब करून पाहू. तीस लाख पंच्याऐंशी हजारांवर भाग, दर १५१ रुपये ६३ पैसे. म्हणजे महामंडळाच्या, पर्यायाने महाराष्ट्राच्या जनतेच्या, पदरी पडले सुमारे सत्तेचाळीस कोटी रुपये. त्याच दिवशी बाजारभाव अगदी कमी धरून दोन हजार घेतला तरी त्या भागांची किंमत सहाशे कोटींच्या वर जात होती. भागामागच्या ठेवीचा हिशोब केला तर आकडा त्याच्या कितीतरी पट होतो.

हे वाचून कोणाच्याही मनात पहिला विचार येईल की, जनतेची फसगत झाली. आमच्या बैठकीतही एका ज्येष्ठ सदस्यांनी हेच म्हटले. परंतु थोडा शांतपणे विचार केला तर इतक्या सहज दोष लावता येत नाही, असे आम्हांस वाटते. महामंडळाने २००३ साली वाटा स्वतःहून देऊ केला होता. तो कोणी हिसकावून घेतलेला नव्हता. लवादाने किंमत ठरविली ती २०१९ च्या डोळ्यांनी नव्हे. बजाज फायनान्सचा पुढचा उत्कर्ष २००६ साली कोणाच्या पत्रिकेत लिहिलेला नव्हता. बजाज ऑटोचे विभाजनही तेव्हा व्हावयाचे होते. आणि शब्द एकदा दिला म्हणजे तो सरकारनेही पाळला पाहिजे, भाव वाढला म्हणून मोडता येत नाही, हे न्यायालयाने सांगितले ते योग्यच. सरकारच दिल्या शब्दाला जागत नाही असे ठरले, तर त्याच्याशी भागीदारी करावयास पुढे कोण येईल?

तर मग चूक झाली कोठे? आमच्या मते ती २००३ च्याही आधीची आहे. महामंडळ त्या कंपनीकडे स्कूटरचा कारखाना म्हणून पाहत राहिले. ज्या उद्देशाने वाटा घेतला, तो उद्देश, म्हणजे साताऱ्यास कारखाना उभा करणे, पुरा झाला होता. स्कूटरचा काळही सरत आला होता. म्हणून वाटा विकून टाकावा असे फायलीवरच्या टिपणीत तर्कशुद्ध दिसते. मात्र आपल्या हाती जे आहे ते स्कूटरच्या कारखान्यातले भाग नसून देशातल्या एका बलाढ्य उद्योगसमूहातले वाटे आहेत, हे त्या विक्रीच्या वेळी कोणी ओळखले असते, तर ही वाट धरली गेली नसती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. महाराष्ट्राच्या तिजोरीत भर पडावी म्हणून एकीकडे नाना उपाय शोधले जात होते, आणि दुसरीकडे आयती ठेव केवळ तिचे नाव स्कूटरचे होते म्हणून विक्रीस काढली गेली.

आणि दुसरी चूक विलंबाची. देऊ केलेला वाटा मागे घ्यावयाचा असेल तर तत्काळ, आणि विकावयाचा असेल तरी तत्काळ. येथे दोन्ही झाले नाही. प्रकरण सोळा वर्षे कचेरीतून लवादाकडे, लवादाकडून न्यायालयात फिरत राहिले. या सोळा वर्षांत किंमत तीच राहिली आणि मालमत्ता मात्र वाढत गेली. पैसे २००६ साली हाती आले असते तर निदान दुसऱ्या कोठे गुंतविता आले असते. खटला हरणे ही एक गोष्ट, आणि उशिरा हरणे ही दुसरी, अधिक खर्चाची गोष्ट. ज्यांच्या टेबलावर रोज फायली येतात त्या आमच्या वाचकांस हे विस्ताराने सांगावयास नको. फायल थांबते तेव्हा काळ थांबत नाही.

जमनालालजींच्या संदर्भात आम्ही विश्वस्त हा शब्द वाचकांस ध्यानात ठेवावयास सांगितले होते. धारण करणे आणि सांभाळणे या दोन गोष्टी एक नव्हेत. भाग नावावर असले म्हणजे धारण झाले. ते कशाचे आहेत, कशात बदलत आहेत, त्यांच्यामागे काय उभे आहे, हे वेळोवेळी पाहिले तर सांभाळणे झाले. बजाज घराण्याने आपला चोवीस टक्क्यांचा वाटा सांभाळला. राहुल बजाज यांनी १९६८ पासून बजाज ऑटोची धुरा वाहिली आणि २०२२ साली त्यांचे निधन झाले तोवर या साऱ्या उलथापालथीत घरचे काय कोठे आहे याचा विसर त्यांना पडला नाही. ही त्यांची मिळकत होती, म्हणून डोळा तिच्यावर होता. महामंडळाचे अधिकारी बदलत गेले. एकाने घेतलेला वाटा दुसऱ्याने नोंदला, तिसऱ्याने टिपणी लिहिली, चौथ्याने खटला चालविला. यांपैकी कोणी अप्रामाणिक होते असे आम्ही म्हणत नाही, तसे मानण्यास काही आधारही नाही. परंतु लोकांची मालमत्ता सांभाळणारा विश्वस्त बदलीच्या हुकुमाने बदलत राहतो, आणि मालमत्तेची ओळख मात्र नव्या विश्वस्तास कोणी करून देत नाही. आम्ही सारे याच व्यवस्थेचे घटक आहोत. आमच्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी कार्यभार सोपविताना यादी दिली आहे; त्या यादीतील कोणती वस्तू बाहेरून लोखंडाची दिसली तरी आतून सोन्याची आहे, हे सांगण्याची तसदी किती जणांनी घेतली असेल?

ही गोष्ट सरकारपुरतीच आहे असेही नाही. आमच्या स्नेह्यांचा तो कागद घ्या. त्यांच्या वडिलांनी तो घेतला तेव्हा साताऱ्याचा कारखाना महाराष्ट्राचा म्हणून घेतला असेल. मग बदल्या झाल्या: नागपूर, जबलपूर, बिलासपूर, शेवटी रायपूर. प्रत्येक गावी पत्ता बदलला. कंपनीस तो कळविणे राहून गेले. आपल्यासारख्या फिरत्या माणसांच्या घरी हेच घडते. आज कायदा असा आहे की, सात वर्षे लाभांश उचललाच नाही तर तो गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे जातो, आणि सलग सात वर्षांचा लाभांश न उचललेले भागही त्यापाठोपाठ जातात. तेथून ते परत मिळविता येतात, वारसासही मिळतात. परंतु त्यासाठी अर्ज, पुरावे आणि धीर लागतो. जुना कागद विद्युत खात्यात रूपांतरित करून घेतल्याशिवाय तो विकताही येत नाही. महामंडळाने जी चूक कोटींच्या हिशोबात केली, तीच आपण पेटीतल्या दहा-वीस भागांच्या हिशोबात करीत असतो.

म्हणून आम्ही आमच्या स्नेह्यांना उत्तर दिले ते असे: तुमच्या वडिलांनी स्कूटरच्या कारखान्यातला वाटा घेतला होता. तो कारखाना आता तसा राहिलेला नाही. तुमच्या हाती आज जे आहे, ते चार मोठ्या कंपन्यांतले छोटे छोटे तुकडे आहेत, एका पिशवीत बांधलेले. पिशवीवर जुने नाव आहे एवढेच. ती फेकू नका, आणि नुसती ठेवूही नका. आत काय आहे ते वर्षातून एकदा उघडून पाहात जा, आणि आपल्या मुलांना दाखवीत जा.

स्नेह्यांनी कागदाची घडी घातली. दुसऱ्या दिवशी ते बँकेत जाऊन चौकशी करून आले, आणि त्याच सायंकाळी त्यांनी आम्हांस कळविले की, मुलगा व सून यांना बसवून घरातील सगळ्या कागदांची एक वही करावयास त्यांनी घेतली आहे. चाळीस वर्षांत बदल्यांच्या गावांतून साठलेले हे कागद कोणते कशाचे, ते त्यांनाच आधी आठवावे लागत होते. आमच्या बैठकीतील आणखी तिघांनी तीच वही आपल्याही घरी सुरू केली आहे.